एकट्या अनुस्वाराचं बटण

मेकॅनिकल कीबोर्डचं वेड ज्यांना नाही त्यांना माझं काम समजावून सांगताना माझीच त्रेधा उडते. ‘कीबोर्डच्या बटणांवरच्या टोप्या डिझाइन करते’ असं म्हटलं की समोरचा माणूस आधी स्वतःच्या लॅपटॉपकडे बघतो आणि मग माझ्याकडे. लॅपटॉपचं बटण उपटायला गेलं तर बहुधा तुटतंच, त्यामुळे त्याला वेगळी टोपी असते हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो आणि त्याच्या डोक्यावर अधिक चिन्हाच्या आकाराचा एक खुंट. चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेला हा खुंट पुढे इतक्या जणांनी उचलला, की आज बहुतेक कोणत्याही कारखान्याची टोपी कोणत्याही स्विचवर बसते. दोन शेजारच्या बटणांच्या मध्यबिंदूंतलं अंतरही ठरलेलं आहे : १९.०५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच. कीबोर्ड तोच ठेवून त्याचे कपडे बदलता येतात ते यामुळे. आणि माणसं बदलतात. एका चांगल्या सेटला शंभर डॉलरच्या वर मोजतात, आधी पैसे भरतात आणि माल हातात पडायला वर्ष लागलं तरी थांबतात. टाळेबंदीच्या काळात तर त्याहून जास्त थांबले.

मी जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले, नंतर नाशिकला येऊन मसाल्यांच्या आणि द्राक्षांच्या पॅकिंगची कामं करत होते. टोप्यांकडे वळले ती रंगांमुळे. एका ओळखीच्या प्रोग्रामरला त्याच्या सेटसाठी रंग जुळवून हवे होते. ते जमलं आणि मग त्याच्या गोतावळ्यातून एकेक काम येत गेलं. पण त्या कामांत अक्षर हा विषयच नव्हता. या छंदातले सगळ्यात नावाजलेले सेट जर्मनीत जीएमके बनवते, चेरीच्या जुन्या साच्यांवर. पद्धत डबलशॉट : एका रंगाच्या प्लास्टिकचं अक्षर आणि दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकची टोपी, दोन वेळा साच्यात भरून एकजीव केलेली. अक्षर वरून छापलेलं नसतं, टोपीच्या अंगातच असतं, म्हणून ते कधी पुसलं जात नाही. पण साचा पोलादाचा, आणि प्रत्येक अक्षराचा वेगळा. ‘ए’ कसा दिसावा हे कुणीतरी फार पूर्वी ठरवून टाकलेलं. डिझायनरने रंग निवडायचे, कोणत्या मापाच्या किती टोप्या द्यायच्या ते ठरवायचं, आणि हौस असेल तर एस्केपवर एखादं चित्र काढायचं. जिने चार वर्षं बोरूने अक्षरं गिरवली तिच्यासाठी हे थोडं उपाशी राहण्यासारखंच होतं.

देवनागरीचा सेट करायचा हे मनात आलं तेव्हा पहिली धडक या साच्यांवरच बसली. नव्या लिपीला सगळे साचे नवे, आणि तो खर्च माझ्यासारखीच्या आवाक्याबाहेरचा. पण पैसा असता तरी अडचण होतीच. डबलशॉटमध्ये बंद पोटाचं अक्षर त्रासाचं असतं, कारण पोटातला प्लास्टिकचा ठिपका चहूबाजूंनी सुटा पडतो आणि त्याला पृष्ठभागाखालून वाट काढून द्यावी लागते. इंग्रजी कॅपिटलमध्ये अशी सातच अक्षरं आहेत : ए, बी, डी, ओ, पी, क्यू, आर. आपल्याकडे ठ, ढ, व, ब, क, च तर आहेतच; शिवाय शिरोरेखा दिली की प, म, ष यांचीही पोटं वरून झाकली जातात. शिरोरेखाच काढून टाका, असं मला एकाने सुचवलं. गुजरातीत नाही का चालत? चालतं, कारण गुजराती अक्षरांची वळणं त्याच बेताने घडत आली आहेत. मराठी ‘म’ची रेघ काढली की तो ‘म’ राहत नाही, टक्कल पडलेला कुणीतरी परका दिसतो.

म्हणून डाय-सब्लिमेशन. यात टोपीचं प्लास्टिक पीबीटी असतं. फिल्मवर छापलेलं अक्षर टोपीवर ठेवून तापवलं की रंगाची वाफ होते आणि ती प्लास्टिकच्या आत शिरून बसते. साधं एबीएस प्लास्टिक १०५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्याला हा ताप सोसत नाही. पीबीटी वितळायला सव्वादोनशे अंशांच्या जवळ जावं लागतं. शिवाय बोटांच्या तेलाने एबीएस काही महिन्यांत चकाकायला लागतं, तसं पीबीटीचं लवकर होत नाही. अट एवढीच, की टोपी फिकी आणि अक्षर गडद. उलटही करता येतं, पण तेव्हा अक्षर सोडून बाकी सगळी टोपी रंगवावी लागते, आणि ते काम वेगळं.

वाफ मात्र रेघेच्या आत राहत नाही. पहिला नमुना आला तेव्हा तो भिंगाखाली धरून मी बराच वेळ बसले होते. टोपीचा माथा साधारण १२ मिलिमीटर रुंद. त्यात डावीकडे वर इंग्रजी अक्षर, आणि उजवीकडे एकाखाली एक दोन मराठी अक्षरं, प्रत्येकी जेमतेम चार मिलिमीटर उंच. एवढ्यात रंग दोन्ही बाजूंना केसभर जरी पसरला तरी ‘ढ’ची गाठ भरून येते, ‘ष’मधली तिरकी रेघ पोटाला चिकटते, आणि ‘घ’ आणि ‘ध’ लांबून एकाच घरचे दिसायला लागतात. उपाय असा, की अक्षर हवं त्यापेक्षा हडकुळं काढायचं आणि पोटं मुद्दाम मोठी ठेवायची. पडद्यावर ती अक्षरं दुष्काळातून आल्यासारखी दिसत. टोपीवर उतरली की अंगाने भरत. कोणतं अक्षर किती भरेल याचा काही नियम हाती लागला नाही. क आणि फ दोघांनाही उजवीकडे आकडी आहे, पण फ जास्त सुजतो.

कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कारण त्याचं उत्तर सरकारने देऊन ठेवलं आहे. इनस्क्रिप्ट. १९८६मध्ये तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी स्वीकारली आणि १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय लिप्यांच्या संगणकीय मानकात ती गेली. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या हाताला व्यंजनं. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. ज्या बटणावर क त्यावरच शिफ्ट दाबून ख. ग-घ, त-थ, द-ध तसेच. हीच मांडणी बंगालीला, तमिळला, मल्याळमलाही लागू, क त्याच बोटाखाली. इतकी शहाणी मांडणी असून तिच्याकडे बघणारे थोडे. माझ्या सेटसाठी पैसे भरणाऱ्यांपैकी बहुतेक जण मोबाइलवर रोमनमध्ये मराठी लिहितात आणि यंत्र ते देवनागरीत करून देतं. मग त्यांच्या बटणावर कुठलंही अक्षर कुठेही असलं तर बिघडतं काय? बाजारात असे सेट येतात, परकी लिपी नुसती शोभेला लावलेले, दाबलं तर भलतंच उमटणारे. दिसतात सुंदर. मला ते जमत नाही. टोपीवर जे लिहिलंय ते दाबल्यावर उमटलं पाहिजे, एवढं एक बंधन मी स्वतःला घालून घेतलं, आणि पुढचे सगळे ताप त्यातूनच आले.

सगळ्यात मोठा ताप काना-मात्रांचा. इंग्रजीत प्रत्येक बटणावर एक सबंध अक्षर असतं, स्वतःच्या पायावर उभं. इनस्क्रिप्टची डावी बाजू बघा. ए-एस-डी-एफ-जीवर अनुक्रमे ओकार, एकार, पाय मोडायची खूण, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार. यातलं एकही चिन्ह छापील मराठीत कधी एकटं येत नाही. पहिलीच्या पुस्तकात ‘काना’ दाखवायचा असला तरी बाई फळ्यावर आधी अक्षर काढतात. युनिकोडवाल्यांनी यासाठी ठिपक्यांचं वर्तुळ ठेवलं आहे : अक्षर इथे आहे असं समजा, आणि त्याला ही वेलांटी. पडद्यावर ते ठीक. चार मिलिमीटरात ते ठिपके एकमेकांत मिसळून मळकट कडं होतं, आणि ओळीने सगळी मळकट कडी लागली की डावी बाजू आजारी दिसते.

मी वर्तुळ काढून टाकलं आणि त्याजागी शिरोरेखेचा फक्त एक तुकडा ठेवला. अक्षराची जागा रिकामी. पण रेघ आहे, म्हणून डोळा ती जागा ओळखतो. एकार त्या रेघेच्या वर, उकार रेघेपासून पुरेसा खाली, जिथे अक्षराचा पाय असता तिथे. ऱ्हस्व वेलांटी रिकाम्या जागेच्या डावीकडे, दीर्घ उजवीकडे. कागदावर हे इतकं नेमकं दिसलं की मी खुशीत फाइल पाठवून दिली. कारखान्याच्या माणसांनी त्यांच्या रीतीप्रमाणे प्रत्येक चिन्ह आपापल्या चौकटीच्या मध्यावर आणून बसवलं. एकार खाली आला, उकार वर चढला, सगळे मधोमध, शिस्तीत. त्यांचं बरोबरच होतं. इंग्रजी, जपानी, रशियन, आजवर त्यांच्याकडे आलेल्या सगळ्या लिप्यांत मधोमध बसवलं की काम होतं. मग प्रत्येक चिन्हाभोवती न छापली जाणारी एक सारखी चौकट आखली आणि चिन्ह नव्हे तर चौकट मध्यावर आणा, असं चित्रं काढून कळवलं. तरी अनुस्वाराच्या बटणावरून एक शंका आलीच. एक्सवर खाली आम्ही नुसता अनुस्वार दिला होता : छोटी रेघ आणि वर एक टिंब. त्यांच्या तपासणीतून फोटो आला, टिंबाभोवती लाल गोल काढलेला. हा डाग आहे का? असल्यास टोप्या बाद करू. डाग नाही, अक्षर आहे, असं कळवलं. उलट उत्तर आलं, मग थोडा मोठा करा, नाहीतर गिऱ्हाईक परत पाठवेल. मोठा केला. चार मिलिमीटरातला आमचा अनुस्वार आता चांगला ठसठशीत, कपाळावर टेकवावा असा आहे.

ल आणि श यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण मी फार जपलं. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा. हिंदी छपाईतला वेगळा. शचंही तसंच. राज्य सरकारने २००९च्या शासननिर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा या दोन अक्षरांच्या वळणांचीही दखल घेतली होती. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना क्रमांक एकच, कोणतं दिसायचं ते फॉन्टच्या हातात. म्हणून कारखान्याला अक्षरं टाइप केलेली फाइल कधीच द्यायची नाही. सगळी बाह्यरेषांत करून द्यायची, म्हणजे तिकडच्या संगणकाला मधे पडायला जागाच राहत नाही.

रंगांचं सांगायचं तर, मराठी सेट म्हटल्यावर प्रत्येकाने भगवा आणि पैठणीवरचा मोर सुचवला. एकदोघांनी एसटीचा लाल. मला बाजरीच्या भाकरीचा रंग हवा होता. एक तर टोपी फिकीच लागणार होती. आणि दुसरं, दिवसभर नजरेसमोर राहणारी वस्तू शांत असावी. भाकरीचा राखाडी फार लबाड आहे. तव्यावर असताना त्यात हिरवट झाक असते, निवली की ती जाते, दुसऱ्या दिवशी शिळी भाकरी पिवळटते. ज्वारी तर पांढऱ्याकडेच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर रालचा रंगपंखा उघडून मी भाकरीशेजारी पट्ट्या धरून बघत असे. दोनशेहून अधिक रंग आहेत त्यात. चार जवळचे मिळाले, एकही बरोबर नाही. खिडकीत जुळलेला रंग ट्यूबलाइटखाली फसायचा, कारण दोन वस्तू एका उजेडात सारख्या दिसल्या म्हणून दुसऱ्या उजेडात दिसतीलच असं नाही. शेवटी दिवसाच्या उजेडाचा प्रमाणित दिवा असलेल्या पेटीत ताजी भाकरी ठेवून रंगमापकाने आकडे घेतले. कारखान्याला भाकरी म्हणजे काय हे कळायचं कारण नव्हतं, आकडे कळले. एंटर आणि एस्केप ठेच्याचे : एक हिरव्या मिरचीचा, एक लाल. ‘भाकरी’ हे सेटचं नाव ऐकून आमच्या घरात जो हशा झाला तो अजून चालू आहे.

चित्राच्या टोप्यांवरून मात्र माझी थोडी भांडणं झाली. एंटरवर गणपती हवा, असं म्हणणारे बरेच. अहो, एंटरवर माणूस दिवसभर बोट आपटतो. रागावला की जास्तच. कीबोर्डवर चहा सांडतो, चिवडा सांडतो, आणि टोप्या धुवायच्या तर साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत टाकतात. तिथे देव नको. माझं दुसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही : गणपती दाबल्यावर गणपती उमटत नाही. एंटरवर मी नुसता वळणारा बाण ठेवला.

बाकी मापांचा हिशेब कंटाळवाणा आहे, पण सेट त्यावरच बुडतो किंवा तरतो. ओळीगणिक टोप्यांची उंची आणि उतार वेगळा, त्यामुळे एका ओळीची टोपी दुसऱ्या ओळीत चालत नाही. आपल्याकडचे कीबोर्ड बहुतेक अमेरिकी मांडणीचे, सव्वासहा बटणांच्या रुंदीच्या स्पेसबारचे. पण म्युनिकमधल्या एका मराठी मुलाला उभा एंटर हवा होता, कुणाला आखूड उजवी शिफ्ट. प्रत्येक जादा टोपीने सगळ्यांची किंमत वाढते. त्यात पीबीटी थंड होताना जास्त आकसतं आणि लांब स्पेसबार धनुष्यासारखा वाकतो. पहिल्या खेपेतले कितीतरी वाकडे निघाले आणि कारखान्याने पुन्हा बनवून दिले. यातलं दिसायला सुंदर असं काहीच नाही.

माझी मावशी जिल्हा परिषदेत लिपिक-टंकलेखक होती. मराठी तीस शब्दांची परीक्षा दिलेली, आयुष्य गोदरेजच्या यंत्रावर गेलेलं. गोदरेजने १९५५मध्ये यंत्रं करायला सुरुवात केली आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस बंद केली. मावशी निवृत्त झाली तोवर कचेरीत संगणक आले होते. तिच्या पुढ्यात सेट लावलेला कीबोर्ड ठेवला. तिने अक्षरांकडे बघितलंच नाही, बोटं ठेवली, एफ आणि जेवरच्या उंचवट्यांवर तर्जनी टेकवल्या, म्हणजे आपल्या हिशेबाने ऱ्हस्व वेलांटी आणि र. मग खाली बघितलं आणि कपाळाला आठी.

“अगं, अर्धी अक्षरं कुठायत?”

“नाहीत मावशी. सबंध अक्षर मारायचं आणि मग डीवरचं हे. पाय मोडायचा.”

“आम्ही अर्धं मारायचो आणि काना देऊन उभं करायचो. तुम्ही आधी उभं करता आणि मग पाय मोडता.” तिने ‘ग’ मारून त्याचा पाय मोडला, पुन्हा मारला, पुन्हा मोडला. “टोपी छान आहे. खडबडीत आहे, बोट घसरत नाही. आणि ते टिंब जरा मोठं झालंय.”

टिंबाचं तिला मी कारण सांगितलं. पटलं नाही.

आता दुसरी खेप काढायची आहे, आणि त्यात दोन बटणांचा निकाल लावायचाय. पहिलं ४चं. त्यावर इंग्रजी चार, डॉलर, मराठी चार आणि शिफ्टवर रफार एवढी गर्दी आधीच आहे. पहिल्या खेपेत मी रुपयाचं चिन्हही बसवलं होतं, कारण इंग्रजी-इंडिया मांडणीत ऑल्ट-जीआर आणि ४ दाबलं की ते उमटतं. नियमाने बरोबर. पण पाच चिन्हांत रफाराचा जीव गुदमरतो, आणि रफाराशिवाय ‘वर्ष’ लिहिता येत नाही असं नव्हे, र मारून पाय मोडला तरी होतं. म्हणून कुणीतरी जायला हवंच होतं. मी डॉलर काढला. तो कुठे आहे हे सगळ्यांना पाठ असतं.

दुसरं १चं. इनस्क्रिप्टच्या जुन्या नकाशात शिफ्ट आणि १वर ऍ आहे, ए वर चंद्र. मराठी माणूस ‘ॲप’ असं अ वर चंद्र देऊन लिहितो, आणि ते अक्षर युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडलं. मी ॲ छापलं. म्युनिकच्या त्याच मुलाने लिहिलं, “ताई, तुमच्या टोपीवर ॲ आहे, माझ्याकडे दाबलं की ऍ येतं. तुम्हीच म्हणता ना, लिहिलंय ते उमटलं पाहिजे?” मी त्याला मांडणीची एक छोटी फाइल करून पाठवली, ती टाकली की १वर ॲ येतं. त्याचं म्हणणं, फाइल सगळ्यांना द्या नाहीतर टोपी बदला. माझं म्हणणं, टोपी बदलणार नाही. चुकीचं अक्षर छापायचं, का, तर यंत्राला तेवढंच येतं? दुसऱ्या खेपेत पाकिटात १च्या दोन टोप्या असतील, एक ॲची आणि एक ऍची, आणि फाइल कुठून घ्यायची त्याची चिठ्ठी. त्या एका टोपीने सेट थोडा महागलाय. तक्रार अजून कुणी केलेली नाही.